वसुधाताईंची सही आणि जमिनीखालचं तापमान

बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. साचतं ते संपादकानं न छापलेलं. ऐंशीच्या दशकात मी जयपूरला वार्ताहर होतो. माझ्याकडचा असा सगळ्यात मोठा साठा सी-स्कीम या भागातल्या एका सरकारी प्रयोगशाळेतला आहे.

तिथल्या केमिस्ट वसुधाताई मूळच्या नागपूरच्या. मराठी बोलायला मिळतं म्हणून मी जायला लागलो आणि भांडायला मिळतं म्हणून जात राहिलो.

त्यांचं काम गरम झऱ्यांचं. झऱ्याचं पाणी आणायचं, त्यातले क्षार मोजायचे आणि खाली खोलवर ते किती तापलं असेल ते सांगायचं. पाणी जितकं जास्त तापतं तितकी खडकातली सिलिका त्यात जास्त विरघळते, आणि वर येताना ते ती लगेच सोडत नाही. दुसरा हिशेब सोडियम आणि पोटॅशियमच्या प्रमाणावरून; पोटॅशियम जितकं जास्त, तितकं पाणी जास्त तापलेलं.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, एवढी उठाठेव कशाला, सरळ थर्मामीटर सोडा ना खाली!

"सोडू की. दोरी तुम्ही आणा, भाऊ."

* * *

त्यांचे साहेब माथुर. एकदा हौसेनं स्वतःच देवळाजवळच्या एका गरम पाण्याच्या कुंडावर नमुना घ्यायला गेले, तेही सोमवारी. भक्त कुंडात दुधाचे लोटे रिकामे करत होते, साहेब शेजारी बाटली भरत होते. दुधात पोटॅशियम भरपूर. आकडा असा चढला, की साहेबांनी पेढे मागवले.

ताईंनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "साब, ये पानी का नहीं, दूध का टेम्परेचर है।"

तेव्हापासून सोमवारी नमुना घेणं बंद.

* * *

त्या कुंडावर मीही एकदा त्यांच्या जीपमधून गेलो होतो. सांधे धरलेली माणसं लांबून तिथं आंघोळीला यायची. गावातल्या धर्मशाळा, चहाच्या टपऱ्या, सगळं त्या पाण्यावर चालायचं.

वीज करायला तिथं बोअर मारणार, अशी कुणकुण लागलेल्या पुजाऱ्यानं ताईंना बाजूला घेऊन विचारलं, "बहनजी, मशीन लगेगी तो कुंड बचेगा?"

सगळ्यांना उत्तर देणाऱ्या ताईंनी कुंडातून आणखी एक बाटली भरून घेतली.

* * *

भानगड अशी होती. त्या कुंडाचं तापमान सिलिकावरून शंभरच्या आत यायचं, सोडियमवरून दोनशेच्या वर. वीज करायची तर मोठा आकडा हवा, आणि माथुरसाहेबांना वीज हवीच होती. मी तेच लिहिलं. संपादक म्हणाले, "दोन्हींची सरासरी छापू ना."

मी खवळलो. एक घड्याळ नऊ दाखवतंय आणि दुसरं पाच, तर तुम्ही ऑफिसला सातला येणार का?

"तू येतोसच की सातला," ते म्हणाले. बातमी पडली ती पडलीच.

* * *

मग दिल्लीहून समिती प्रयोगशाळेत आली. मला बोलावलं नव्हतं, म्हणून मी गेलो.

माथुरांनी ताईंना आधीच बजावलं होतं की मोठ्या आकड्यावर सही करा, नाहीतर बदलीची तयारी ठेवा. सही झाली की कुंडाशेजारी बोअर. ताईंचं म्हणणं एकच. पाणी खाली गरम खडकात वर्षानुवर्षं मुरलं असेल तरच सोडियमचं सूत्र लावायचं. एरवी कुठलंही पाणी द्या, ते बिनदिक्कत तापमान सांगतं. नाही म्हणणं त्याला ठाऊकच नाही.

समितीपुढे त्यांनी भाषण केलं नाही. दोन नमुन्यांचे आकडे फळ्यावर लिहिले, दोन्ही सोडियमच्या सूत्रानं काढलेले. 'ए' म्हणजे कुंड. 'बी' त्याहूनही गरम.

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. असलं पाणी आजवर लपवून का ठेवलं, असं त्यांनी माथुरांना विचारलं. माथुर ताईंकडे बघायला लागले.

"पहला बोर 'बी' पर होगा," अध्यक्ष म्हणाले. "जगह कौन सी है?"

ताईंनी हाताचा खडू झटकला.

"सर, पहले आपकी गाड़ी हटवानी पड़ेगी। हमारे गेट के हैंडपंप से सटकर खड़ी है।"