फ्री थ्रोची शांतता

मानखुर्दच्या अक्षता साळवेला बास्केटबॉलचा खेळ चालू असताना प्रेक्षकांचा ओरडा ऐकू येत नाही. बुटांची करकर आणि सोबतच्या मुलींच्या हाका, एवढंच पोचतं. फ्री थ्रोच्या वेळी मात्र हॉल गप्प होतो आणि कुजबुजही कानावर येते.

मुलुंडच्या अंतिम सामन्यात संघ दोन गुणांनी मागे असताना तिला शेवटचे दोन फ्री थ्रो मिळाले. राज्य संघाचे निवडकर्ते समोरच होते. पहिला चेंडू आत गेला. मग तिच्याच संघाची रुचिरा बाकावर पुटपुटली, "कोट्यातली ना ही? घालवणार बघ."

संघात कोटा नसतो. दुसरा चेंडू रिंगवर आपटून बाहेर पडला.

कोच म्हणाले, "लोक ओरडतात गं, लक्ष नाही द्यायचं."

"ओरडले असते तर ऐकूच आलं नसतं, सर."

राज्य संघात रुचिराची निवड झाली. अक्षताची नाही.