मोडून दिलेली भाकरी

वाशीच्या दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी घरोघर भाकरी मागणारी एक बाई रोज आमच्या दारी यायची. पिशवीवर संस्थेचं नाव असायचं. तिचं नाव म्या कधी इचारलं न्हाय.

मग संस्थेच्या अध्यक्षानं देणगीतून बंगला बांधल्याचं पेपरात आलं. लगेच गल्लीत बोंब, की भाकरीबी ढाब्यावर इकत्यात. झालं! इकता येऊ नये म्हणून बाया भाकरीचे चार तुकडे करून द्यायला लागल्या. आमची सूनबी त्यातलीच.

"अगं, बंगला त्यानं बांधला. हिच्या पायात धड चप्पल तरी हाय का?" म्या वरडलो. पण कोण ऐकतंय?

बाई हसून म्हणायची, "बरं झालं ताई, पिशवीत जास्त मावतंय." तिच्या ह्या हसण्यानं तर माझं डोकं अजूनच फिरायचं.

एक दिवस म्याच उठून अख्खी भाकरी दिली. तिनं माझ्यासमोरच तिचे चार तुकडे केले.

"का गं, माझा अपमान करती का?"

"न्हाय, तात्या. वाटायला सोपं म्हणून आमीच मोडून आणतो, असं वाटतंय दवाखान्यातल्या लोकांना. एक अख्खी दिसली, तर बाकीच्या का मोडल्या म्हणून इचारतील."

आता ह्यावर माणसानं कुणावर वरडावं?