तारखेचा माणूस

“गाईड चला म्हणाला, असं तू माझ्या आईला सांगितलंस.”

“म्हणालाच तो.”

“आज त्याचाच फोन होता, इलायस. वर्ष झालं म्हणून. रडत होता. म्हणे, दीदी, मैंने तो रुकने को बोला था.”

बहारीनमधल्या नईम भागातल्या फ्लॅटमध्ये इलायस युनिफॉर्मची बटणं लावत होता. वसईहून आला तेव्हा झल्लाक गावातल्या हॉटेलात चादरींच्या घड्या घालायचा. आता तिथल्याच लाँड्रीचा सुपरवायझर. लीव्हवरून एकदाही उशिरा परतला नव्हता. वडिलांना माती देऊन तो थेट विमानतळावर गेला होता. मॅनेजर नव्या पोरांना त्याचंच उदाहरण द्यायचा, आणि ते इलायस घरी येऊन सांगायचा.

हिमनदी ओलांडायचं वेड त्याच्या बायकोच्या, बेनिटाच्या धाकट्या भावाचं, वॉरनचं. बहारीनला डोंगर कुठला? सराव म्हणून पाठीवर पाण्याच्या बाटल्या बांधून वॉरन आणि इलायस पार्किंगच्या इमारतीचे जिने चढायचे.

“ताजं बर्फ पडलेलं,” बेनिटा म्हणाली. “भेगा झाकलेल्या. दोन दिवस दबू दे, मग पाय कुठे टाकायचा ते कळेल, असं तो सांगत होता. आणि तू म्हणालास, माझी जॉइनिंगची तारीख आहे.”

“ते लोक रोजावर असतात. थांबाच म्हणणार. आणि काठीने टोचत टोचत चाललेलो आम्ही. कमरेला दोर होता.”

“दोर तू सोडायला लावलास. पलीकडचे दगड दिसले, आता पटापट चला म्हणून.”

“बस झालं. खलास.”

“एक मेसेज टाकायचा होता. लीव्ह वाढवा म्हणून.”

“ऑफिस तुझ्या बापाचं आहे?”

“माझा भाऊ त्या भेगेत राहिला, आणि तू तारखेला हजर. मॅनेजरने पाठ थोपटली असेल.”

इलायस कॉलर नीट करत राहिला.

“दोन नोव्हेंबरला आई सगळ्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावते,” बेनिटाचा आवाज खाली आला. “वॉरनची तेवढी हातात धरून उभी राहते. कुठे लावणार? मी फक्त एक विचारते. थांबूया, भावजी, असं वॉरन म्हणाला होता का?”

खाली कंपनीच्या बसने हॉर्न दिला. इलायसने घड्याळ बघितलं, बूट चढवले, ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि दार ओढून घेऊन जिना उतरू लागला.