प्रियाच्या लॅपटॉपमधलं नको ते

पळसदरीच्या धरणापलीकडे डोंगराला लागून ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. प्रिया निरगुडा तिथली. वाडीत बारावी झालेली ती पहिलीच. तिचा धाकटा भाऊ कान्हा नवव्या वर्षी गेला. हातपाय ठणकतात म्हणून तो रडायचा आणि आई, कोंडी, तेल चोळत बसायची. दोष रक्तातच आहे हे कळलं तेव्हा पोर हातचं गेलं होतं. दवाखान्यात रक्त तपासणारी बाई म्हणाली, "आधी तपासलं असतं तर औषध सुरू करता आलं असतं." प्रियाने तेव्हाच मनाशी धरलं, आपण हेच शिकायचं.

बारावीनंतर एका संस्थेने वाड्यावाड्यांतल्या मुलींना लॅपटॉप वाटले. खालापुरात मंडप घातला होता. लॅपटॉप देणाऱ्या साहेबांनी माइकवरून बजावलं, "आत जे आहे त्याला हात लावायचा नाही. काही काढलंत तर वॉरंटी जाईल." प्रियाने मान डोलावली.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने त्यात आधीच काय काय भरून ठेवलं होतं. पत्त्यांचे खेळ, खरेदीची दुकानं, आणि थोडे दिवस फुकट चालणारं एक अँटिव्हायरस. ते दिवस सरले आणि त्याने पैशांसाठी धोशा लावला. काम चालू असताना मध्येच लाल चौकट यायची, तुमचा संगणक धोक्यात आहे.

"कसला धोका गं?" तिचा बाप मंगळ्या घाबरून विचारायचा.

"काय नाय बाबा, जाहिरात हाय."

"मंग काढून टाक की."

"हात लावायचा नाय म्हणून सांगितलंय."

पुण्याच्या एका संस्थेत रक्त तपासणीचा अभ्यासक्रम होता, राहणं-खाणं फुकट. त्याची परीक्षा लॅपटॉपवर, कॅमेरा चालू ठेवून द्यायची होती. पडद्यावर परीक्षेशिवाय दुसरं काही उघडलं की पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा परीक्षा बंद. वाडीत रेंज नाही. शाळेच्या पद्मजाबाईंनी रविवारी एक वर्ग उघडून दिला, आपल्या फोनवरून नेट दिलं आणि त्या मंगळ्यासोबत बाहेर व्हरांड्यात बसल्या.

पेपर सोपा गेला. निम्म्याहून जास्त प्रश्न झाले होते, तेवढ्यात लाल चौकट अख्ख्या पडद्यावर पसरली. ताकीद आली. चौकट जाईना, म्हणून तिने कोपऱ्यातली फुली दाबली. तर फुलीनेच पैसे भरायचं पान उघडलं. परीक्षा बंद झाली.

परीक्षेची वेळ संपली तशी पद्मजाबाई दाराशी आल्या. "झालं का गं?"

"बाई, मी काय नाय केलं," प्रिया म्हणाली. "मी काय नाय केलं ओ."

पद्मजाबाईंनी पुण्याला फोन केले, पत्र धाडलं. उत्तर आलं, नियम सर्वांना सारखा आहे. पुढच्या वर्षी परीक्षा द्या. पण पुढच्या वर्षी तो अभ्यासक्रमच बंद झाला.

पुण्याचं उत्तर आलं त्याच आठवड्यात पद्मजाबाई तिला कर्जतला सौमित्रच्या दुकानात घेऊन गेल्या. सौमित्र त्यांचा जुना विद्यार्थी, लॅपटॉप दुरुस्त करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, हे काढलं म्हणून वॉरंटी जात नाही. लॅपटॉप तुझा आहे. ये, तूच काढ, मी सांगतो."

प्रिया खुर्चीवर बसली. खेळ गेले, दुकानं गेली. शेवटी अँटिव्हायरस. ते सहज जाईना. आधी म्हणालं, थांबलात तर निम्म्या किमतीत देतो. मग विचारलं, का काढताय? खाली कारणं दिली होती. महाग वाटलं. दुसरं घेतलं. वापरता आलं नाही. प्रियाने ती पुन्हा पुन्हा वाचली.

"कुठलंही दाब," सौमित्र म्हणाला. "कोणी वाचत नाही ते."

तिने 'इतर' दाबलं. रिकामी जागा आली, तिथे तिने एकेक अक्षर शोधत मराठीत लिहिलं, माझी परीक्षा गेली. बटण दाबलं. पडद्यावर आलं, धन्यवाद. सौमित्र उगाच उठून बाहेर जाऊन उभा राहिला. पद्मजाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे ती रडली.

आता प्रिया खालापूरच्या टोलनाक्याजवळ एका हॉटेलात काउंटरवर असते. लॅपटॉप चांगला पळतो, पण तो उघडायला तिला सवड होत नाही. मात्र कुठल्या वाडीत लॅपटॉप आले असं कानावर आलं की सुट्टीच्या दिवशी ती तिथे जाते. पोरींना शेजारी बसवून नको ते काढायला लावते. कोणी कचरलं तर म्हणते, "भिऊ नको गं, मी हाय."

भिवपुरीकडच्या वाडीतली सोनाली अशीच तिच्या हाताखालून गेली. गेल्या वर्षी तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. प्रिया तिला कर्जत स्टेशनवर सोडायला गेली. गाडी यायच्या आधी सोनालीने विचारलं, "ताई, तू दुसरीकडं कुठं फॉर्म नाय भरलास?"

"भरायचा होता," प्रिया म्हणाली. "बॅग नीट धर. गाडीत झोपू नको."

गाडी गेली. ती बाकावर बसून राहिली. हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला, दुसरी मुलगी आलेली नाही, लगेच ये. "येते साहेब," म्हणून प्रियाने डोळे पुसले आणि खालापूरची एसटी कुठे लागली आहे ते बघायला ती बाहेर पडली.