अक्काच्या हातची पेज

नाचणी भाजल्याचा वास आला की नव्वदीतले बंगळूर आठवते, चामराजपेटमधली आमची शेजारीण अक्का आठवते. सारख्या जुलाबांनी माझी दीड वर्षाची लेक काडी झाली होती. घराण्यातली पहिली पदवीधर मी. पाणी उकळून द्यायचे, साखर-मीठ घालून पाजायचे, पण माझ्या हातून ती घास घेईना. अक्काचा मुलगा मात्र गुबगुबीत. एकदा त्याच्या शेजारी बसून लेक अक्काच्या हातची नाचणीची पेज खाऊ लागली. मी धावले, तशी तिने तोंड मिटले. “ग्रॅज्युएट बाई, स्वल्प दाराआड थांबा! तुमचं रडवं तोंड बघून पोरीची भूक पळते,” अक्का हसली. मी दाराआड उभी राहून वाटीत चमचा वाजताना ऐकत राहिले. लेक सावरली. अक्काचे उपकार मी जन्मभर मानीन. तरी लेकीने तिच्यासाठी उघडलेले ते तोंड आठवले, की अजूनही माझा जळफळाट होतो.