गाभ्याजवळचे तुकडे

आठवीतून शाळा सोडली, गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती वाहिली, अन आता घरापासून दीड दिवसाच्या वाटेवर अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे हेल्पर आहे. या कामामुळे बहिणीची शाळा सुटली नाही, हे उपकार मी विसरत नाही. पण धाकधूकही सुटत नाही.

अणुभट्टीचं पोलादी भांडं अजून किती वर्षं वापरायचं हे ठरवायला त्याच पोलादाचे लहान तुकडे आत, गाभ्याच्या जास्त जवळ ठेवलेले असतात. जवळ असल्यानं ते किरणांनी भांड्याआधी म्हातारे होतात. ठरल्या वेळी एखादा काढून तोडतात अन त्यावरून भांड्याची मुदत ठरवतात. केंद्रातल्या आमच्या साहेबांनी हे समजावलं तेव्हा मी मान डोलावली. मनात आलं, जवळ तर आम्हालाच पाठवतात.

छातीवर बिल्ला असतो. अंगाला किती किरण लागले ते त्यावरून कळतं. मर्यादा गाठली की आतलं काम बंद. म्हणजे पगार गेला, असं मी धरून चाललो. म्हणून दोन पाळ्या बिल्ला लॉकरमध्येच ठेवला. मग बिल्ले जमा करायची वेळ आली. आकडा कमी दिसून पकडला जाईन म्हणून दिलाच नाही, बॅगेत टाकला अन रजेवर गावी, मुर्रीला आलो.

धुण्याचे कपडे काढताना मायला तो सापडला.

"काऊन रे, कोनाचं उचलून आनलास?"

"माझंच आहे, माय."

"मंग लपवून कायले राहिला?"

सगळं सांगितलं. तिनं सपरीतलं, ओसरीवरचं ओलं बारदान उलगडलं. बियाणं पारखायला धानाचे दाणे भिजवले होते. बरेच उगवलेच नव्हते.

"हे दाने मी लपवले, तं वावरात उगवतीन काय? आं?"

परत गेल्यावर साहेबांसमोर बिल्ला ठेवला.

"ठेकेदारानं सांगितलं होतं का असं करायला?"

"नाही साहेब. मीच."

त्यांनी बिल्ला ठेवून घेतला अन चौकशी लावली. ती होईपर्यंत मी स्टोअरमध्ये झाडू मारला. सोबतच्यांच्या बिल्ल्यांवरून साहेबांनी माझ्या दोन पाळ्यांचा हिशेब भरला. आकडा मर्यादेच्या आत होता, काम राहिलं. मी तो आकडा दोनदा दाखवायला लावला.

आता आत जाताना साहेब माझ्या छातीवर बिल्ला आहे का ते बघतात. मी त्यांच्या छातीवर बघतो.