बोलणारीनं कडेनं चालवायचं

सांगली-मिरज रस्ता मला पाठ आहे तो बोलण्यामुळं. माझी मैत्रीण आणि मी मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होतो, राहायला दोघी सांगलीत. ड्यूटीला जाता-येता आमच्या सायकली शेजारी शेजारी. एक नियम मात्र होता. जिला बोलायचंय तिनं कडेनं चालवायचं, ऐकणारीनं रहदारीच्या बाजूनं. बोलणाऱ्या बाईचं रस्त्याकडं लक्ष नसतं, हे आम्ही एकदा उसाच्या ट्रॉलीला घासून शिकलो होतो.

घरी दोघींनाही बोलायची सोय नव्हती. सासू, दीर, पोरं, येणारे-जाणारे. तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याआधी मला कळलं, विश्रामबागच्या अलीकडं. माझ्या दिराची गाऱ्हाणी तर रस्त्यावरच्या चिंचांनाही तोंडपाठ झाली असतील. त्या चिंचा आता नाहीत. रस्ता रुंद झाला आणि आम्हालाच त्यावर जागा उरली नाही. मग आम्हीही स्कूटर घेतल्या. स्कूटरवर बोलता येत नाही, नुसतं ओरडता येतं.

या उन्हाळ्यात तिचा मुलगा तिला कायमचं पुण्याला न्यायला आला. निघायच्या आदल्या सकाळी ती सायकल घेऊन माझ्या दारात हजर.

"चल, मिरजेपातूर जाऊन येऊ. आज मी कडेनं हं."

म्हणजे तिला काहीतरी सांगायचं होतं. काही न विचारता मी लेकीची सायकल बाहेर काढली.

रस्त्याच्या कडेला हल्ली सायकलीचं चित्र काढलेला पट्टा आहे. चित्र छान आहे. त्यावर मोटारी उभ्या होत्या, पुढं शहाळ्याची गाडी, त्यापुढं खडीचा ढीग. शेजारी आलो की मागून हॉर्न. शेवटी ती पुढं, मी मागं. ती बोलायला लागली हे मला तिच्या मानेवरून कळलं. बोलताना तिची मान उजवीकडं कलते, माझ्या बाजूला. मी जीव तोडून पायडल मारत होते, पण जवळ पोचले की कुणीतरी मध्ये गाडी घुसवायचाच. त्या प्रत्येकाला मी मनात अशा शिव्या घातल्या की विचारू नका.

मिरज स्टेशनसमोर ती उतरली. पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

"अगं, मला काहीच ऐकू आलं न्हाई," मी म्हणाले.

ती हसली. "ऱ्हाऊ दे. परत जाताना सांगते."

जाताना रहदारी आणखी वाढली होती.

आता फोनवर रोज बोलणं होतं. मी विचारलं की म्हणते, "घरात बसून न्हाई गं सांगता यायचं." मागं नातवंडांचा टीव्ही चालू असतो. मला तिची फार आठवण येते, आणि न ऐकलेल्या त्या गोष्टीची तर तिच्याहून जास्त.

शहर सायकलवाल्यांसाठी चांगलं कसं करायचं यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. मला कुणी विचारत नाही, पण विचारलं तर सांगेन: दोन सायकली शेजारी जातील एवढी मोकळी वाट द्या, आणि लवकर द्या. दिवाळीला ती येणार आहे. गुडघे दुखतात, पण एकदा चालवीन म्हणाली.

रोज सकाळी मी रस्त्यापर्यंत जाते आणि पट्टा मोकळा झाला का ते बघून येते.